कातरमावशी आणि हिऱ्याचे पाय

कातरमावशी माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही. आधी पायांकडे बघायची. गल्लीत नवा भाडेकरू आला, कुणाची सून आली, कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, की मावशीची नजर थेट खाली. गुडघे, घोटे, टाचा. मग सावकाश वर. तोवर समोरचा माणूस ओशाळून गेलेला असायचा, आणि मावशी मोठ्याने निकाल द्यायची, "सरळ आहेत. जा."

तिचे स्वतःचे पाय वाकडे होते. उभी राहिली की दोन गुडघ्यांमधून मांजर आरामात निघून जाईल एवढी फट. भांडलेल्या जावांसारखे ते गुडघे एकमेकांकडे पाठ करून उभे असत. चालताना ती डाव्या-उजव्या बाजूला झुलायची, आणि तिच्यामागे गल्लीतली कार्टी तशीच झुलत चालायची. सुरतेच्या डिंडोलीतली आमची गल्ली तिला तोंडावर मावशी म्हणायची आणि पाठीमागे फेंगडी. आज तीच माणसं तिचं नाव काढताना गळा दाटून आल्यासारखं करतात. माझं डोकं फिरतं. मी तिथेच सांगते, "तुम्ही तिला काय म्हणायचात ते मी ऐकलंय. उगाच डोळे पुसू नका."

कातरमावशी हे नाव मात्र तिला आवडायचं. ती धागा कटिंगचं काम करायची. भरतकाम झालेल्या साड्यांचे गठ्ठे घरी यायचे, साडीच्या पाठीमागे लोंबणारे धागे कापून साडी साफ करून द्यायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका हेच करतात. पण मावशीच्या हातातली ती छोटी कातर कधी थांबायचीच नाही. ओट्यावर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसायची, मांडीवर साडी, आणि कच् कच् कच्. बोलणंही तसंच. कुणी पायांकडे टक लावून बघितलं की कातर न थांबवता म्हणायची, "पाय वाकडे आहेत, डोळे नाहीत. दिसतंय मला तू काय बघतोस ते."

मी बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या घरात पेढे वाटायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही, इतकं ते नवं होतं. माझे वडील रेल्वेत गँगमन, आई खात्यात बॉबिन भरायची. खातं म्हणजे लूमचा कारखाना; सुरतेत कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. मी ते पाहिलं, आत गेले, आणि डिग्री घेऊन बाहेर आले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. गल्लीने विचारलं, "आता लग्न कधी?" एकट्या मावशीने विचारलं, "शिकलीस काय?"

"रसायन," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मी सांगायला लागले तर तिने हात वर केला. "ते राहू दे. एक सांग. साडीवर हळद सांडली आणि साबण लावला की डाग लाल का होतो?"

मी तिला सांगितलं: हळदीत एक रंग असतो, साबण अल्कधर्मी असतो, तो लागला की हळदीचा रंग पालटतो. लिंबू पिळा, परत पिवळा होईल. तिने लगेच आत जाऊन लिंबू आणलं. डाग पिवळा झाला. मावशीने माझ्या पायांकडे नाही, पहिल्यांदा तोंडाकडे बघितलं. "खरं शिकलीस," म्हणाली. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी 'बीएस्सी' झाले. "ये बीएस्सी, चहा ठेव." "काय व बीएस्सी, डबा नेला नाहीस?" आणि हेही लिहायला हवं: आम्ही बौद्ध. त्या गल्लीत आमच्या घरचा चहा सगळ्यात आधी, कुणी न बोलावता, बशीत ओतून फुर्र करून प्यायली ती हीच बाई.

पण आमचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. ग्रहण.

आमच्या घरी ग्रहण पाळत नाहीत. मावशीच्या डोक्यात मात्र ग्रहणाशिवाय दुसरं काही नव्हतं. तिची कथा ठरलेली होती. ती पोटात असताना तिच्या आईने ग्रहणात भेंडी चिरली, म्हणून हिचे पाय वाकडे झाले. गाव तिकडे अमळनेरच्या बाजूला. सगळ्या गावाला ही कथा माहीत. आजी सांगायची, आत्या सांगायची, शाळेत मास्तरणीने वर्गात सांगितली होती. मावशी आईशी बोलत नव्हती. लग्न होऊन सुरतेला आली, नवरा गेला, मुलगा राजू मोठा झाला, तरी माहेरी पाय ठेवला नाही. भाऊ कधी फोन करायचे, ती 'हो', 'नाही' करून ठेवून द्यायची. आईने फोन घेतला की कापायची. "एक दिवस," ती म्हणायची, "एक दिवस भाजी चिरली नसती तर काय उपाशी मेलं असतं घर?"

ग्रहणाच्या दिवशी तिची कातर कुलपात. कुणी गरोदर बाई दिसली की मावशी झुलत झुलत तिच्या दारात हजर. "सुरी ठेव खाली. विळी आत टाक. बस गप." गल्लीतल्या सासवांना हे पटायचं, सुना मनात शिव्या द्यायच्या. मी तिच्याशी वाद घालायचे. चंद्राची सावली, पृथ्वीची सावली, सगळं समजावलं. ती म्हणायची, "तुमच्यात पाळत नाहीत, बरं. पण आधी माझे पाय बघ, मग बोल." मी चिडून उठून जायचे.

अशा बाईच्या घरात हिरा आला.

राजू कतारगामला एका हिरेवाल्या सेठची गाडी चालवायचा. सेठच्या बंगल्यात ग्रेट डेनची जोडी. ही कुत्री म्हणजे वासरू. फाटकाशी उभी राहिली की रस्त्यावरचा माणूस पलीकडच्या फुटपाथवर जातो, त्यासाठीच पाळतात. त्यांना पिल्लं झाली. त्यातल्या एकाचे पुढचे पाय पसरट पडायला लागले. पुढच्या पायाला जिथे आपल्या हाताच्या मनगटासारखा सांधा असतो, तिथून पाय खाली बसायचा, आणि पंजे बाहेरच्या बाजूला वळायचे. सेठने पिल्लू टेबलावर उभं केलं, हिरा भिंगाखाली बघतात तसं बघितलं आणि राजूला म्हणाला, "आ रिजेक्ट छे. इच्छापोर बाजू क्यांक मूकी आव." मालातला खराब खडा बाजूला काढावा, तसं. जिवंत जीव तो. कारखान्यांच्या रस्त्यावर, ट्रकच्या चाकांखाली मरायला सोडून ये म्हणाला. त्या सेठचं नाव मी लिहीत नाही, पण मनातल्या मनात रोज घेते.

राजूने पिल्लू सोडलं नाही, घरी आणलं. ओट्यावर ठेवलं. मावशीची नजर सवयीने खाली गेली, त्या पुढच्या दोन पायांवर. आणि कातर थांबली. इतक्या वर्षांत मी ती कातर अशी मध्येच थांबलेली पाहिली नव्हती.

समोरच्या घरातला एकजण हसत म्हणाला, "घ्या, मावशीला जोडीदार आला. फेंगडा!" मावशीने पायातली चप्पल काढली आणि अशी नेम धरून फेकली की त्याचा चष्मा पडला. मग पिल्लाला म्हणाली, "तुझं नाव हिरा. ते लोक नुसते घासतात. त्यांना ओळखता कुठे येतं."

तिथून पुढे जे सुरू झालं, त्याला मी प्रेम म्हणते आणि मूर्खपणाही म्हणते. हिऱ्याला सकाळ-संध्याकाळ सायीचं दूध. अंडी. तूप घातलेली भाकरी. बाळंतिणीला करतात तसे डिंकाचे लाडू, खारीक घालून. हाडं भरून येतात म्हणून. मावशीला गुडघ्यांसाठी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळायच्या. त्या स्वतः न घेता कुटून त्याच्या दुधात. वर जनावरांच्या दुकानातल्या माणसाने पावडरचा एक डबा गळ्यात मारला. डब्यावर छाती काढून उभा असलेला कुत्रा. "मोटी हड्डी का कुत्ता है मौसी, डबल देना पडेगा." मावशीने डबलच्या जागी चौपट दिलं. "खा बेटा, खा," ती त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणायची, "तुन्हा हाडं मजबूत व्हतीन." आणि कापडाचा ताका गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी असते ना, ती उभी कापून त्याच्या पुढच्या पायांना चिंध्यांनी बांधली. पाय सरळ राहावेत म्हणून. काठी बांधून रोपटं सरळ करतात, तसा तिचा हिशेब.

राजूने नुकत्याच घरात चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. आमच्या गल्लीत ज्याच्या घरी तसली फरशी त्याची मान ताठ. हिरा त्या फरशीवर उभा राहिला की चारी पाय चार दिशांना. पोटावर आपटायचा, परत उठायचा, परत घसरायचा. आणि वजन तर रोज वाढतच होतं. वरचं धड पैलवानाचं आणि खाली ते दोन मऊ पाय. पुठ्ठा काढला की पाय आणखीच वाकलेले दिसायचे. मग मावशी आणखी एक लाडू द्यायची.

मला दिसत होतं. मी प्राण्यांची डॉक्टर नाही, पण डब्यावरचं वाचता येतं मला. मी वाचलं, मग इकडे-तिकडे विचारलं, आणि मावशीच्या ओट्यावर जाऊन सरळ सांगितलं, "मावशी, हा मोठ्या जातीचा कुत्रा आहे. याला कॅल्शियम वरून द्यायचं नसतं. लवकर जाड झाला, लवकर उंच झाला, तर हाडांना ते झेपत नाही. खाणं कमी करा. लाडू बंद करा."

"कमी?" मावशी म्हणाली.

"हो. कमी."

ती उठली. भिंत धरून, झुलत. "मी? मी याला कमी देऊ? भुक्या मारू?" तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "तुला डिग्री दिली का ग हे सांगायला? मुक्या जनावराच्या तोंडातलं काढ म्हणतेस? तुझं पोट भरलेलं आहे म्हणून बोलतेस!"

"माझं पोट केव्हापासून भरलंय ते तुम्हाला माहीत आहे!" मीही ओरडले. "आणि ऐका. याचे पाय तुम्ही वाकवताय. सेठ नाही, ग्रहण नाही. तुम्ही!"

सगळी गल्ली दारात. मावशीने माझ्यासमोर दार लावलं. नंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मी कामावरून आले की ती साडीत मान घालायची. मीही गेले नाही. मी चूक बोलले नव्हते. आजही म्हणते, नव्हते. गल्लीने तोंडी लावायला विषय घेतला: "चार बुकं शिकली आणि म्हातारीला शिकवायला निघाली." मी मनात म्हटलं, हो निघाले. चार बुकं त्यासाठीच शिकले.

मग एका सकाळी मावशी आमच्या दारात. नुसती उभी. डोळे लाल, आणि हातात ती पुठ्ठ्याची नळी. हिऱ्याला उठता येत नव्हतं. पुढचे पाय टेकवायला गेला की कळवळत होता.

राजूने रिक्षा आणली. हिरा मावशीच्या आणि माझ्या मांडीवर आडवा. उधन्याच्या बाजूला जनावरांचे एक तरुण गुजराती डॉक्टर होते, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पुठ्ठ्याची नळी बघितली, डबा बघितला, लाडूचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मासी, आ मोटी जातनुं बच्चुं छे. धीमे धीमे मोटुं थवा दो." सावकाश वाढू द्या, म्हणाले. मग हिऱ्याच्या पायाचा एक्स-रे काढला आणि पांढऱ्या उजेडासमोर धरला.

हाडांच्या टोकांशी काळ्या बारीक रेषा दिसत होत्या. डॉक्टरांनी हिंदीत समजावलं. हाड या रेषांपाशी वाढतं. मोठ्या जातीचं पिल्लू आधीच झपाट्याने वाढतं, त्यात जादा खाणं आणि जादा कॅल्शियम गेलं की ही वाढ बिघडते. वरून वजन, घसरती फरशी, बांधलेले पाय. एखादी रेष वेळेआधी बंद झाली असती, तर एक हाड थांबलं असतं आणि शेजारचं वाढत राहिलं असतं, पाय कायमचा वाकला असता. मग ऑपरेशनशिवाय गत नव्हती. "पण अजून सगळ्या उघड्या आहेत," ते म्हणाले. "वेळ आहे. पाय सुधारतील."

मी मोकळा श्वास घेतला. मावशी मात्र त्या काळ्या रेषांकडे बघत राहिली. मग तिने साडी थोडी वर केली आणि स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

"माझ्या आहेत का या?"

डॉक्टर गोंधळले. "मी जनावरांचा डॉक्टर आहे, मासी."

"हाड ते हाडच ना? सांग."

"लहानपणी सगळ्यांना असतात. मोठं झालं की बंद होतात."

"मग लहानपणी मला कुणी आणलं असतं तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांगा. ते हळू म्हणाले की माणसांच्या डॉक्टरला विचारा, पण पाय असे असतील तर बहुतेक लहानपणी मुडदूस झाला असेल. खाण्यात दूधदुभतं नसलं, अंगाला ऊन नसलं, की पोरांची हाडं अशी मऊ पडतात आणि वजनाने वाकतात. लवकर दिसलं तर बरंच सुधारतं.

"ग्रहण?" मावशीने विचारलं.

"ग्रहणाने हाड वाकत नाही, मासी."

परतताना रिक्षात तिचा हात हिऱ्याच्या डोक्यावर होता. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा म्हणाली, "बीएस्सी, तू ओरडलीस ते बरं केलंस. आणखी जोरात ओरडायला हवं होतंस."

त्यानंतर तिने ज्या रागाने त्या कुत्र्याला सांभाळलं, तसं मी कुणाला करताना पाहिलं नाही. डबा तिने स्वतः त्या दुकानात नेला आणि गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर उपडा केला. मी सोबत होते; काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण सगळं खरं होतं. लाडू बंद, साय बंद, गोळ्या बंद. गोळ्या ती स्वतः घ्यायला लागली. डॉक्टरांनी दिलेलं मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं, तेही मापाने. चकचकीत टाइल्सवर तिने बारदान अंथरलं, अगदी भिंतीपासून भिंतीपर्यंत, राजू हळहळला, तर म्हणाली, "तुझ्या फरशीला काय चाटायचं आहे?" साखळी गेली, जिना गेला, फिरणं थोडं थोडं, मऊ मातीत.

सगळ्यात कठीण होतं ते न देणं. मोठ्या कुत्र्याचं पिल्लू मागतं तेव्हा नुसतं मागत नाही, डोळ्यांतून जीव काढतं. रिकामं भांडं तोंडात धरून हिरा मावशीच्या मांडीशी येऊन बसायचा. ती धागे कापत राहायची आणि डोळ्यांतून पाणी गळायचं. "आयुष्यात पहिल्यांदा पोटभर द्यायची ऐपत आली," ती करवादायची, "तर हा डॉक्टर म्हणतो हात आवर!" कुणी कौतुकाने बिस्किट टाकलं तर मेलाच. एका बाईच्या हातातून तिने पाव हिसकावला. "दया येते तुला? मला नाही येत? ठेव तो पाव!"

दर आठवड्याला ती एक साडी ओट्यावर उलगडायची, काठ अगदी सरळ ताणून. हिऱ्याला काठावर उभं करायची. पुढचे पाय काठाच्या रेषेला लागून आहेत का, पंजे बाहेर पडतात का, ते डोळे बारीक करून बघायची. सुरुवातीला पंजे काठ ओलांडून बाहेर जायचे. मग हळूहळू आत येऊ लागले. सांधा बसायचा थांबला. पाय बारीक पण ताठ दिसायला लागले. एक दिवस हिरा काठावर असा उभा राहिला की दोन खांब. मावशीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खड्या आवाजात निकाल दिला, "सरळ आहेत."

त्या पावसाळ्यानंतर ग्रहण आलं. गल्लीतल्या बायकांनी सवयीने दारं लोटून घेतली. आणि मावशी ओट्यावर येऊन बसली. भिंतीला टेकून, पाय लांब करून, मांडीवर साडी. कच् कच् कच्. समोरच्या घरातली सासू खिडकीतून ओरडली, "मावशी! ग्रहण लागलंय!"

"लागू दे त्याला," मावशी म्हणाली. "मला गठ्ठा द्यायचाय."

ग्रहण सुटेपर्यंत ती कापत होती. मग कातर ठेवली आणि मला म्हणाली, "गावी जायचंय. आईला सांगायचंय की तिची चूक नव्हती. तू चल."

"मी कशाला?"

"साक्षीदार हवी. शिकलेली. नाहीतर माझे भाऊ म्हणतील सुरतेचं पाणी लागलं."

ती आता नाही. गेल्या थंडीत गेली, छातीत कळ येऊन, हातात कातर असताना. हिरा राजूकडे आहे. आणि मी गल्लीत एखादं पोर पहिल्यांदा उभं राहिलं की आधी त्याच्या पायांकडे बघते. कुठे शंका आली तर त्या आईला हाताला धरून दवाखान्यात नेते, आणि घरातल्यांनी कां-कूं केली तर ओरडते. माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत. पण मावशीची आठवण आली की मला तिचं जाणं आठवत नाही. मला आठवतं ते गाव.

राजूने ओळखीचा टेम्पो मागून आणला होता. मागे बारदानावर हिरा. आम्ही दारात उतरलो तेव्हा अर्धं गाव कुत्रा बघायला जमलं. मावशीची आई खाटेवर होती, पार वाळलेली, कानाने अधू. इतक्या वर्षांनी लेक आली, तर तिला धड ओळखूही येईना. मग मावशी झुलत दोन पावलं चालली आणि म्हातारीने चालीवरून ओळखलं. तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. दोन्ही भाऊ आत-बाहेर करत होते. धिप्पाड माणसं.

मावशी खाटेशी वाकली आणि आईच्या कानात ओरडली, "तुन्ही चुकी नही व्हती व माय! ग्रहणनं काही नही! ही पोर बीएस्सी शे, इले इचार!"

मी पुढे होऊन मान हलवली. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "माले माहीत शे."

"काय माहीत?"

"दूध व्हतं घरमा. आंडोरस्ले दिधं."

दूध होतं घरात. मुलग्यांना दिलं.

मग ती तुकड्या-तुकड्यांनी सांगत गेली. म्हैस दारात होती. सासू दूध काढून घ्यायची, आधी पोरांना, मग पुरुषांना. पोरीला दिलेलं दिसलं तर घरात तमाशा. पोर दिवसभर आत अंधाऱ्या खोलीत पाळणा हलवत बसायची, भावांचा. पाय वाकले तेव्हा वैद्य म्हणाला होता, हिला दूध पाजा. सासू म्हणाली, लोकांना ग्रहण सांग. "मी सांगितलं," म्हातारी म्हणाली. "दुधाचं सांगितलं असतं तर घराची अब्रू गेली असती. ग्रहण सांगितलं तर एकटी माझीच गेली."

मावशी तशीच वाकलेली होती. ती माफ करायला आली होती, आणि तिच्या हातात हे आलं. मला वाटलं आता ही ओरडेल, म्हातारीचा गळा धरेल. ती हळूहळू सरळ झाली. मागे वळली. आणि सवयीप्रमाणे तिची नजर खाली गेली. दारात उभ्या असलेल्या दोन भावांच्या पायांकडे. गुडघे, घोटे, टाचा. मग सावकाश वर.

"सरळ आहेत," ती म्हणाली. हे दोन शब्द मी तिच्या तोंडून आयुष्यभर ऐकले. असे कधी ऐकले नव्हते. थोरल्याने मान खाली घातली.

तेवढ्यात भावजय पाहुण्यांसाठी दुधाचा पेला घेऊन आली. मावशीने तो घेतला, खाटेवर बसली आणि आईला विचारलं, "तू पिनी का कधी?"

म्हातारीने मानेने नाही म्हटलं.

मावशीने एका हाताने तिची मान धरली आणि पेला तिच्या ओठांना लावला. घोट घोट, सगळा पाजला. ओठांवरची साय पदराने पुसली. मग रिकामा पेला भावजयीपुढे धरला. "आणखी आण." दुसरा आला. तो ती स्वतः प्यायली, उभी राहून, दोन्ही भावांच्या तोंडाकडे बघत. पेला परत पुढे केला.

"आणखी."

भावजय चाचरली. "ताई, म्हैस आटलीय. घरात आता चहापुरतंच उरलंय."

"आण तेच," मावशी म्हणाली. "हे आज कोरा पितील."

हिरा उंबऱ्यात उभा राहून तिच्या हातातल्या पेल्याकडे बघत होता, पुढचे दोन्ही पाय ताठ सरळ रोवून. त्यातला एक थेंबही तिने त्याला दिला नाही.